वळीव हवा की लाईट?

टीव्हीवर ‘मुंबईचा पारा’ म्हणून जो आकडा सांगतात, तो कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणांचा असतो. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र. सांताक्रूझहून जुहूची चौपाटी जवळ. आम्ही राहतो त्या कल्याणपासून समुद्र सरळ रेषेत तीसेक किलोमीटर लांब आहे. मधे पारसिकचा डोंगर, खाडी, कारखाने आणि न संपणारं काँक्रीट. तरीही एप्रिलमध्ये गावाकडून कुणाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "टीव्हीवर ३४च दाखवत होते तुमच्याकडं. मजा हाय बाबा तुमची!" ती ३४ कुलाब्याची. त्याच दुपारी माझ्या खिडकीबाहेर सावलीत टांगलेला थर्मामीटर ३९च्या आसपास असतो.

माझा थर्मामीटर काही सरकारी नाही, त्यामुळे त्याच्या आकड्यावर भांडायला मी जाणार नाही. वेधशाळेतलं तापमान मोजायची रीत ठरलेली आहे. जमिनीपासून साधारण चार-साडेचार फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत, जिच्या चारी बाजूंना झडपा असतात आणि आत ऊन थेट पोचत नाही. त्या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती बनवणारा थॉमस स्टीव्हन्सन हा ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. बापाने पेटी दिली, मुलाने गोष्ट दिली. मुद्दा असा की वेधशाळेचा आकडा हा सावलीचा, मोकळ्या हवेचा आकडा आहे. पत्र्याखालचा नाही, डांबरी रस्त्यावरचा नाही, दुपारी दोनच्या कसारा लोकलमधल्या दारातला तर नाहीच.

आमच्याकडचं ऊन वेगळं का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. दुपारी बाराच्या सुमाराला मुंबईच्या किनाऱ्यावर खारा वारा सुटतो. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. कुलाबा, दादर, अंधेरीला हा वारा लवकर भेटतो. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत असरची अजान व्हायला आलेली असते आणि तोवर त्याचा थंडावा वाटेत वाटून संपलेला असतो. उरतो तो दमटपणा. ज्या दिवशी घाटावरून, म्हणजे कसारा-इगतपुरीच्या बाजूने, पूर्वेचा वारा जोर धरतो, त्या दिवशी समुद्राचा वारा अडून बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्येच मुंबई-ठाण्याचा पारा एकाएकी चढतो तो बहुतेक वेळा यामुळे. २०२५च्या फेब्रुवारीत तसंच झालं. महिना संपायच्या आतच या भागासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला, आणि रमजान लागायला अजून चार-पाच दिवस होते.

रमजान या शब्दाच्या मुळातच तापलेल्या जमिनीचा अर्थ आहे. पण आपलं हिजरी वर्ष चंद्राचं, सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांनी पहिल्या जागी येतो. २०१८ आणि २०१९ साली रोजे मे महिन्यात सुरू झाले होते. माझ्या धाकट्या मुलाने पहिला रोजा तेव्हाच धरला. मगरिबपर्यंत तो फरशीवर पोट टेकवून पडून होता, कारण घरातली थंड वस्तू तेवढीच. आता रमजान थंडीकडे सरकलाय. लोक म्हणतात, बरं झालं, रोजे सोपे झाले. झालेच. पण कडक उन्हात जोहरची नमाज जरा ऊन उतरेपर्यंत लांबवावी, अशी सवलत हदीसमध्ये आहे, आणि तिला रोजाची अट नाही. उन्हाला माणसाने मान द्यावा, हे तिथे सरळ मान्य केलेलं आहे. आमच्या कारखान्यांच्या आणि नाक्यावरच्या मजुरीच्या वेळापत्रकाने ते अजून मान्य केलेलं नाही.

मी मूळचा परंडा तालुक्यातला, धाराशिव जिल्हा. तिथलं ऊन कोरडं. मे महिन्यात ४१-४२ हा आकडा कुणाला बातमी वाटत नाही. रस्त्याचा फुफाटा असा तापतो की चप्पल तुटली तर माणूस झाड ते झाड पळत जातो. पण आमचं घर माळवदाचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचा थर. दुपारी आत अंधार आणि गारवा. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडायचं, वाकळा टाकायच्या, आणि रात्री दोनला अंगावर चादर ओढावी लागायची. दादी उन्हाला शिव्या घालायची, पण तिला उन्हाची भीती नव्हती. दुपारी अकरा ते चार माणसाने बाहेर पडायचं नाही, हा तिचा कायदा होता आणि गावाचाही होता. शेतातली कामं पहाटे व्हायची.

कल्याणला आल्यावर मला पहिल्या उन्हाळ्यात कळेना की पारा गावापेक्षा तीन-चार अंशांनी खाली असूनही मी एवढा का थकतोय. कारण घाम. शरीर थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. हवेत आधीच बाष्प गच्च भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता वाहतो. शास्त्रज्ञ यासाठी थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून मोजतात. त्या ओल्या थर्मामीटरचा आकडा ३५वर गेला तर धडधाकट माणूस सावलीत पंख्याखाली बसूनही फार तास तग धरू शकत नाही, असं मानतात. प्रत्यक्षात त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो, म्हाताऱ्यांना आणि अंगमेहनत करणाऱ्यांना तर खूपच आधी. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ला ५१ अंश नोंदले गेले, तो देशाचा विक्रम. तसल्या आकड्यापुढे आमचे ३८-३९ कुणाला किरकोळ वाटतील. हवामान खात्याला तसं वाटत नाही. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० लागतो, किनारपट्टीला ३७ पुरतात. दोन्हीकडे तो नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असला पाहिजे. आता कल्याण-मुरबाडला किनारा म्हणायचं की मैदान, हा मला पडलेला प्रश्न आहे. घाम किनाऱ्याचा, पारा मैदानाचा.

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा मोठा सोहळा झाला, लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास बसले, आणि उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचा पारा ३८च्या आसपास होता. ३८! गावाकडे या आकड्याला आम्ही बरा दिवस म्हणतो.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हज. जून २०२४मध्ये मक्केत हरमच्या परिसरात पारा ५१.८वर गेला. सौदी सरकारने नंतर सांगितलेला मृतांचा आकडा १,३०१ होता, आणि त्यातले बहुतेक, शंभरातले ८३, परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणजे थंड तंबू नाही, बस नाही, मैलोन्‌मैल उन्हात पायी चालणं. ऊन सगळ्यांसाठी एकच होतं. अंदाज तर आठवडाभर आधीपासून जगजाहीर होता. कमी पडली ती सावली, आणि सावली यादीत नाव असलेल्यांना होती. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात दोन मतं ऐकू आली. एक म्हणे, तिथलं मरण नशिबाने मिळतं. दुसरा म्हणे, मग यादीतले लोक कमनशिबी समजायचे का? मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

आता भिवंडीकडे येतो, कारण उन्हाळ्याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर येतात ते आमचे दुल्हाभाई.

आपाचं लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं, ते भिवंडीत लूमवर आहेत. आता पंचावन्नच्या पुढे. बारा तासांची पाळी, एका वेळी सहा-आठ माग सांभाळायचे, मजुरी मीटरवर. शेड पत्र्याची. आवाज इतका की तिथले लोक घरीसुद्धा ओरडूनच बोलतात आणि आपल्याला वाटतं भांडण चाललंय. पंखे मोजकेच, कारण पंखा जोरात लावला की तूस उडते आणि धागा तुटतो. मी एकदा मेच्या दुपारी त्यांना निरोप द्यायला शेडमध्ये गेलो होतो. दहा मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटला आणि चष्म्यावर वाफ धरली. दुल्हाभाई बनियनवर, खांद्याला ओला रुमाल, मागांच्या मधल्या बोळातून येरझारा घालत होते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम.

मला उकाडा असह्य झाला की मी आभाळाकडे बघतो. मलंगगडाच्या मागे, पूर्वेला, दुपारनंतर पांढऱ्या ढगांचे डोंगर उभे राहायला लागले की जीव सुखावतो. वळीव येणार! तेच ढग बघून दुल्हाभाईंच्या कपाळाला आठी पडते. एकदा जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभे होतो. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "आज येतोय बघा पाऊस. सुटलो."

(आमच्या घरात बोलणं दखनी आणि मराठीची सरमिसळ असतं, इथे मराठीत उतरवतोय.)

ते म्हणाले, "तू सुटलास, मास्तर. मी अडकलो. पाऊस आला की लाईट जाणार. लाईट गेली की माग बंद. माग बंद तर मीटर बंद. उकाड्यात मरतो पण पगार येतो."

तेव्हापासून मी त्यांच्यासमोर पावसाची दुआ मोठ्याने मागत नाही.

त्यांचा हिशेब चुकीचा नाही. वळवाचं ढग कसं बनतं ते पाहिलं तर लाईट का जाते तेही कळतं. दिवसभर तापलेली हवा वर चढते. खाली खाडीवरून, समुद्रावरून आलेलं बाष्प असतंच. सह्याद्रीची भिंत या हवेला आणखी वर ढकलते. वर गेल्यावर बाष्पाचं पाणी होतं, त्यातून उष्णता सुटते, ढग अजून फुगतो, दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंतसुद्धा. माळशेज, मुरबाड, शहापूर, इगतपुरीच्या बाजूला असे ढग तिसऱ्या प्रहरी तयार होतात आणि वरचा वारा पूर्वेचा असला तर संध्याकाळी आमच्याकडे सरकतात. पावसाच्या आधी ढगातून थंड हवेचा लोट जमिनीवर आदळतो आणि चारी दिशांना पसरतो. पहिली धूळ उडते ती त्याने. झाडाच्या फांद्या तारांवर पडतात, पत्रे उडतात. पाऊस पाच मिनिटं, पण लाईट तीन तास. जून-जुलैचा पाऊस दिवसभर पडूनही एवढं नुकसान करत नाही, कारण त्याच्यात हा धक्का नसतो.

१३ मे २०२४ची दुपार या भागातला कुणी विसरणार नाही. सगळं आभाळ पिवळट-तपकिरी झालं, धुळीची भिंत आली. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं मेली. ठाणे आणि मुलुंडच्या मधे ओव्हरहेड वायरचा खांब वाकला, लोकल ठप्प झाल्या, आणि कल्याण-डोंबिवलीचे लोक रुळांवरून चालत घरी आले. मी त्या दिवशी घरीच होतो, सुट्टी लागली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची निळी ताडपत्री उडताना पाहिली, ती कुठे गेली कुणास ठाऊक.

आता अंदाजाविषयी. हवामान खात्याची भाषा मला आवडते. एक तर तिच्यात आपले शब्द भरपूर. हवा, अंदाज, इशारा, तुफान, आणि मोसमी. मोसमी हा अरबी ‘मौसिम’चा भाऊ, त्याच शब्दाचं इंग्रजांनी पोर्तुगीजांमार्फत मान्सून केलं. अरबी खलाशांना मौसिम म्हणजे गलबत हाकायचा हंगाम. आमचं कल्याण हे त्या काळचं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-वहीत त्याचं नाव ‘कॅलिएना’ म्हणून येतं. तेव्हाही खाडीकाठी कुणीतरी वाऱ्याचा अंदाज घेऊन माल भरत असेलच.

पण ही भाषा वाचायला शिकावी लागते. ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, वाऱ्याचा वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर.’ यातला ‘तुरळक’ हा शब्द नुसता अलंकार नाही. जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. म्हणजे ‘तुरळक’ लिहिलंय आणि तुमच्या दारात थेंब पडला नाही, तर अंदाज खोटा ठरत नाही. तुमच्याकडे झोडपून काढलं आणि शेजारच्या गावात ऊन, तरीही खोटा ठरत नाही. आमचे लोक दोन्ही वेळा खात्याला हसतात.

आणि रंग. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पूर्ण जिल्ह्याला एक रंग. २०१४ साली पालघर वेगळा झाला तरी ठाणे जिल्हा उत्तनच्या समुद्रापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेला आहे. पिवळा इशारा आला की उत्तनच्या कोळणीला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात, मुरबाडच्या शेतकऱ्याला आंबा आणि पेंढा, शहापूरच्या पाड्यावरच्या बाईला हंडाभर पाण्याची आशा. तिच्या तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी मुंबई पिते आणि मेमध्ये ती टँकरची वाट बघते. दुल्हाभाईंना दिसतो बुडालेला दिवस. रंग एकच, पिवळा.

तीन तासांपुरता सांगितला जाणारा तातडीचा अंदाज मला जास्त कामाचा वाटतो. कुलाब्याला रडार आहे, २०२२पासून वेरावलीला दुसरं सुरू झालंय, त्यांच्यावर ढग चालताना दिसतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आहे, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर कळवतं. दादीकडे यातलं काही नव्हतं. चिमण्या धुळीत लोळायला लागल्या, मुंग्या अंडी तोंडात धरून वर निघाल्या, की ती ओरडायची, "गोवऱ्या आत घ्या गं! ईज हाय ढगात." वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत ती कलमा पुटपुटायची. मी शाळेत गेल्यावर कळलं की आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. दादीचा एक कलमा साधारण तेवढाच. तिने तो मोजणीसाठी नक्कीच पढला नव्हता, पण दुसरा कलमा पुरा व्हायच्या आत गडगडाट झाला की शेळ्या सुद्धा घरात यायच्या.

२०२५च्या मेमध्ये आपाच्या मुलीचं लग्न होतं. मे महिनाच का? शाळांना सुट्टी, गावाकडचे पाहुणे मोकळे. निकाह मशिदीत, जेवण संध्याकाळी मैदानात. तीनशे माणूस. मैदानाचं भाडं, मंडप, लायटिंग, सगळ्याचा बयाना दुल्हाभाईंनी मार्चमध्येच दिलेला. हा पैसा कुठून आला ते मला माहीत आहे. तो मीटरवर आलेला पैसा आहे.

त्या महिन्याचं आभाळ सुरुवातीपासूनच बिघडलेलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यातच वादळी वारा आणि पाऊस झाला होता. लग्नाच्या तीन दिवस आधी ठाण्याला पिवळा इशारा: तुरळक ठिकाणी, मेघगर्जना, सोसाट्याचा वारा. घरात बैठक बसली. मंडपवाला म्हणाला, "सर, मिरगाला अजून तीन आठवडे आहेत. दोन थेंब येतील, ताडपत्री टाकू." थोरले चाचा म्हणाले, अल्लाहवर भरोसा ठेवा. आपा काहीच बोलत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, कारण घरात मोबाईलवर ढग बघणारा मी एकटा.

मी त्यांना ‘तुरळक’चा अर्थ सांगितला. म्हटलं, पाऊस आपल्यावर पडेलच असं नाही, न पडण्याचीच शक्यता जास्त. पण प्रश्न पावसाचा नाही, वाऱ्याचा आहे. लोखंडी खांब, वर कापड, म्हणजे शीड झालं. खाली तीनशे माणसं, त्यांत लहान मुलं, भटारखान्यात पेटलेल्या भट्ट्या. गेल्या वर्षीची धुळीची दुपार सगळ्यांनी पाहिली आहे. उंटाला आधी बांध, मग भरोसा ठेव, असं सांगणारी हदीस चाचांनीच आम्हाला लहानपणी शिकवली होती. ती मी त्यांना ऐकवली नाही, पण त्यांना ती आठवली असावी, कारण ते गप्प झाले.

शेवटी दुल्हाभाईंनीच विचारलं, "हॉलचे किती जास्त पडतील?" १८ हजार. मैदानाचा बयाना बुडणार तो वेगळा. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला. मीटरमध्ये केला असणार. मग म्हणाले, "हॉल बघ."

त्या संध्याकाळी कल्याणात थेंब पडला नाही. साडेसातच्या सुमाराला पूर्वेला विजा चमकत होत्या, वारा जरा सुटला, हॉलबाहेर लावलेली फुलांची कमान एका बाजूला कलली, तेवढंच. मुरबाडच्या पाहुण्यांना घरी पोचल्यावर कळलं की तिथे झाडं पडलीत आणि गोठ्याचा पत्रा उडालाय. म्हणजे अंदाज बरोबर होता. आमचे १८ हजार गेले तेही खरं. मंडपवाला दुसऱ्या दिवशी भेटला तर हसत म्हणाला, "काय सर, आला का पाऊस?" मी म्हटलं, मुरबाडला आला. त्याला ते पटलं नाही. दुल्हाभाईंना मी विचारलं नाही की त्यांना काय वाटलं. त्यांनी एवढंच म्हटलं की हॉलच्या कूलरचे पैसे वेगळे लावलेत, त्यावर जरा बोलून घे.

मी बोलून घेतलं. पाचशे कमी झाले.

या सगळ्याच्या आधी, एप्रिलमध्ये, आम्ही आपाच्या घराच्या पत्र्याला चुना मारला होता. भिवंडीत त्यांचं घर वरच्या मजल्यावर, वर पत्रा. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, त्यांच्याकडे पत्रे पांढरे करण्याची मोहीम चालते हे मी वाचलं होतं. ठाणे महापालिकेनेही २०२४ साली असा आराखडा केला. भिवंडीतल्या आपाच्या पत्र्यापर्यंत तो येईल याची वाट बघण्यापेक्षा मी चुन्याची पोती आणि फेविकॉलचा डबा घेऊन रविवारी सकाळी तिथे गेलो. भाचा आणि मी, ऊन चढायच्या आत दोन हात मारले. खोलीतला पारा दुपारी दोनला आधी ३९ असायचा, तो ३७वर आला. दोन अंश म्हणजे काय, असं लोक विचारतात. आपा म्हणाली, दुपारी डोळा लागतो.

दुल्हाभाईंनी हे शेठच्या कानावर घातलं, शेडच्या पत्र्यालाही मारू या म्हणून. शेठ म्हणाला, बघू. चुना कामगार मारणार असतील तर माझी ना नाही, पण पाळीच्या वेळेत नाही. आता बारा तास लूमवर उभं राहिल्यावर पत्र्यावर कोण चढणार? तरी पोरांनी ठरवलं होतं की मेच्या शेवटच्या रविवारी, एका पाळीची सुट्टी असते तेव्हा, करू. चुन्यासाठी प्रत्येकी ५० रुपये जमवलेसुद्धा.

त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोचला. नेहमीची तारीख ११ जून. सोळा दिवस आधी, इतक्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा १९१८चा विक्रम मोडला. भिवंडीत लाईट जात-येत राहिली, दुल्हाभाई दोन दिवस घरी बसून होते, आणि शेडचा पत्रा होता तसाच राहिला. आपाच्या पत्र्यावरचा चुना पागोळ्यांमधून खाली आला. तिच्या दारातली फरशी पांढरी झाली आणि ती खराट्याने घासत बसली होती तेव्हा मी फोन केला. म्हणाली, "तुझा चुना धुतेय." मागून दुल्हाभाईंचा आवाज आला, नेहमीसारखा मोठ्याने, "त्याला विचार, उद्या लाईट असेल का ते सांगतं का त्याचं ॲप?"